यात काय आहे?

पिझ्झा हा शब्द आमच्या घरात आला तो मुलींच्या तोंडून, आणि येताना एक प्रश्न सोबत घेऊन आला. दुकानातल्या पिझ्झ्यावरची कोंबडी हलाल असते का? विचारलं की काउंटरवरचा पोरगा कधी हो म्हणायचा, कधी म्हणायचा, "वरून येतं, मॅडम." वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही ठाऊक नसायचं. मग मुली मैत्रिणींच्या घोळक्यात बसून शाकाहारी पिझ्झा खायच्या आणि घरी येऊन सांगायच्या की, अम्मी, नुसती ढोबळी मिरची आणि कांदा, त्यात काय मजा! मला त्या पोराचा राग यायचा नाही. पण पैसे देऊन संशय विकत घ्यायचा, हे मनाला पटायचं नाही.

घरी करायचा योग मात्र आला २०२० साली. रमजान ऐन टाळेबंदीत होता. इफ्तारला कुणी येणार नव्हतं, कुणाकडे जायचं नव्हतं, आणि घरात बसून मुलींना रोज नवं काहीतरी हवं होतं. यीस्टची पाकिटं दुकानांतून गायब झाली होती. तेव्हा माझे अब्बा आमच्याकडेच अडकले होते. अब्बांनी मिरजेतल्या एका बेकरीत भट्टीवर उभी हयात काढली. ते म्हणाले, "पाकिटातलं खमीर परवा आलं. आम्ही काय वापरत होतो?" त्यांनी काचेच्या बरणीत मैदा, पाणी आणि चमचाभर दही कालवलं, वर फडकं बांधलं आणि रोज त्यातलं थोडं काढून तितकाच नवा मैदा-पाणी घालत राहिले. सहाव्या दिवशी बरणी बुडबुड्यांनी भरली. तिला आंबूस, फळासारखा वास सुटला. धाकटी म्हणाली, "नानाने पाळलेलं जनावर." नाव चांगलं होतं, कारण खमीर जिवंतच असतं. त्याला खायला घालावं लागतं, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवून शांत करावं लागतं.

मैदा मळण्याच्या बाबतीत अब्बांचा हिशेब साधा आहे. अर्धा किलो मैद्याला सव्वातीनशे मिली पाणी, दोन लहान चमचे मीठ, आणि खमीर. पाणी जास्त वाटतं, गोळा हाताला चिकटतो, तरी वरून मैदा शिंपायचा नाही. दहा मिनिटं मळून, अर्धा तास झाकून, पुन्हा दोन मिनिटं मळायचा. चिमटीत घेऊन ताणल्यावर पापुद्रा फाटला नाही आणि त्यातून उजेड दिसला, की तो तयार झाला. आमच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तो दोन-तीन तासांत दुप्पट होतो. पण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर चव वेगळीच येते. घाईचा पाव आणि रात्रभराचा पाव अब्बा नुसत्या वासावरून ओळखतात.

खरी पंचाईत भाजण्याची. नेपल्समधल्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास ताव असतो आणि पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो. आपल्या घरच्या ओव्हनचा काटा अडीचशेवर थांबतो. आमच्याकडे तर तेव्हा ओव्हनही नव्हता. आम्ही जाड तव्यावर करायचो. पोळी एका बाजूने अर्धी भाजायची, उलटायची, भाजलेल्या बाजूवर सगळं पसरायचं आणि वर खोल झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं विसरून जायचं. खालून कडक आणि वरून मऊ होतो. भट्टीतल्यासारखे काळे ठिपके पडत नाहीत, पण पोटात जातो तेव्हा कुणाची तक्रार नसते. टाळेबंदी उठल्यावर मात्र आम्ही सरळ बेकरी गाठली. ईदच्या आधी बाया नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत जातात, ट्रे भरतात आणि भाजून आणतात. ही रीत आमच्याकडे जुनी आहे. मग पिझ्झ्याला कोण अडवणार? पावाचा शेवटचा घाणा निघाला की भट्टीत बराच ताव उरतो. अब्बा आधी भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा फेकतात. तो लगेच काळा पडला तर थांबायचं, सावकाश तांबूस झाला तर ट्रे आत.

आता वर काय घालायचं? इथे घरात दोन तट पडले. थोरली म्हणायची, पिझ्झ्यावर मोझरेला, टोमॅटो आणि ओरेगॅनो पाहिजे, नाहीतर त्याला पिझ्झा म्हणू नये. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "रोटी पे सालन कायकू डाली गे? बाजू में देती तो नई चलता क्या?" त्यांचं म्हणणं मला बिनतोड वाटलं. पिझ्झा म्हणजे शेवटी ताटाचा खर्च वाचवणारी गरिबाची भाकरी. एकोणिसाव्या शतकात नेपल्सचे मजूर रस्त्यावर उभे राहून तो खात. फ्रेंच लेखक अलेक्झांद्र द्युमा याने तिथल्या प्रवासावर लिहिताना या पिझ्झ्याची नोंद केली आहे. कधी तेल, कधी डुकराची चरबी, कधी चीज, कधी टोमॅटो, कधी बारकी मासळी, जे स्वस्त असेल ते त्यावर असायचं. राणी मार्गेरिटासाठी १८८९ साली राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला गेला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. अभ्यासकांना मात्र तिच्याविषयी शंका आहे. आणि टोमॅटो तरी इटलीचा कुठे? तो आपल्या मिरचीसारखाच अमेरिकेतून जहाजाने आलेला पाहुणा. त्याला विषारी समजून युरोपातली बरीच माणसं दोन-अडीचशे वर्षं बिचकत होती. कॅनडात १९६२ साली सॅम पानोपुलोस नावाच्या माणसाने पिझ्झ्यावर डब्यातलं अननस घातलं आणि त्याला 'हवाइयन' म्हटलं. माणूस ग्रीसचा, गाव कॅनडातलं, पदार्थ इटलीचा आणि नाव हवाईचं! त्यावरून लोक अजून भांडतात. हे सगळं थोरलीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग तू काहीही घालणार?" म्हटलं, काहीही नाही. जे शोभेल ते.

शोभण्याचा नियम मला पुस्तकात नाही, हाताने सापडला. पाणी सुटणारं काहीही वर जाता कामा नये. खिमा घालायचा तर तो आलं-लसूण, हिरवी मिरची आणि पुदिना घालून पार कोरडा परतायचा, दाणा दाणा सुटा. त्यावर चीज अगदी कमी, कच्चा कांदा, आणि भाजून निघाल्यावर लिंबू. पाव किलो खिम्यात आठ माणसांचं भागतं, हा हिशेबही वाईट नाही. पुढे कळलं की ही काही माझी शक्कल नव्हे. तुर्कस्तानात 'लाहमाजुन' करतात. पातळ पोळीवर वाटलेला खिमा थापून भट्टीत भाजतात, वर कोथिंबिरीच्या जातीचा पाला आणि लिंबू. शब्द मूळ अरबी, लहम बि अजीन, म्हणजे पिठाबरोबर मांस. लेबनॉनकडे 'मनाकीश' असतो. त्यावर झातर नावाचा सुक्या पाल्याचा आणि तिळाचा मसाला तेलात कालवून पसरतात. अम्मींना हे सांगितल्यावर त्या एकदम पिझ्झ्याच्या बाजूने झाल्या. अरबांचं आहे म्हटल्यावर रोटीवर सालन चालू लागलं! मला हसू आलं, पण मी गप्प बसले.

खिम्याइतकंच जमलेलं दुसरं म्हणजे वांग्याचं भरीत. निखाऱ्यावर भाजलेलं कृष्णाकाठचं वांगं, त्याचा धुरकट वास, वर खरडा आणि जाडसर कुटलेले शेंगदाणे. टोमॅटोची गरजच उरत नाही. चीजऐवजी घट्ट चक्का लावला तर जास्त चांगलं. तिसरं खजुराचं. रमजानमध्ये घरात खजूर भरपूर असतो. त्याचे पातळ काप, कांद्याचे तांबूस परतलेले पातळ काप आणि सुक्या लाल मिरचीचा चुरा. गोड-तिखटाचा हा मेळ ज्यांना अननस खपत नाही त्यांनीही खाल्ला आहे. ओरेगॅनोच्या जागी मी ओवा घालते, हाताने चोळून. दोघांच्या वासात एकच गुण आहे, फक्त ओवा जास्त दमदार, म्हणून चिमूटभरच. कोकणातल्या माझ्या जावेने सुकट घालून पाहिली. तिच्या घरी ती आवडीने खातात. मला विचाराल तर सुकट भाकरीबरोबरच शोभते, चीजशी तिचं जमत नाही. पेपरोनीचा विषय आमच्याकडे नाहीच. पण गंमत म्हणजे इटलीत जाऊन 'पेपेरोनी' मागितली तर ताटात ढोबळी मिरची येते. त्या भाषेत तो मिरचीचा शब्द आहे. डुकराच्या मांसाचं ते सॉसेज अमेरिकेतल्या इटालियनांचं.

कॅल्झोने त्यानंतर आला. पिझ्झ्याचीच पोळी, अर्ध्या भागावर सारण ठेवून दुसरा अर्धा वरून दुमडायचा, कडा दाबून मुरड घालायची, वर दोन चिरा द्यायच्या आणि भाजायचा. आपल्या करंजीचा थोराड भाऊ. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ विजारीचा पाय असा आहे. हे ऐकून अम्मी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव 'पायचा'. "आज पायचा करती क्या?" असं त्या सहज विचारतात आणि परकं माणूस समोर असलं की सगळ्यांची पंचाईत होते. सहरीला पायचा फार सोयीचा. रात्रीचा उरलेला खिमा, उकडलेलं अंडं, मेथी, काहीही आत जातं. पहाटे नुसता गरम करायचा.

हे सगळं हौसेचं झालं. आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

मार्च २०२४. थोरलीची दहावी. निम्म्या परीक्षेत रोजे होते. तिने रोजे धरूनच पेपर दिले. तिची एक जिवाभावाची मैत्रीण आहे, पाचवीपासून एका बाकावर बसणारी. जैन घर, शेतीवाडीचं, आणि पाळणारं. कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर नाही, वांगंही नाही, आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. दहावीनंतर ती लातूरला शिकवणीला जाणार हे ठरलेलं होतं. परीक्षा संपल्यावर दोघींनी आमच्या घरी पिझ्झा खायचा, हा बेत त्यांनी जानेवारीतच आखला होता. मला सांगितलं शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी!

इतक्या वर्षांत ती पोर आमच्याकडे शेकडो वेळा आली होती, पण पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. मी कधी आग्रहही केला नव्हता. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. आवाजात संकोच होता. "भाभी, राग मानू नका, पण पोरीने हट्ट धरलाय. त्यात काय काय असतं?" मी म्हटलं, "ताई, राग कसला? आम्हीही दुकानात जाऊन हेच विचारतो." पलीकडे त्या हसल्या आणि मग आम्ही दोघी अर्धा तास बोललो.

खमीर त्यांना चालत नव्हतं. जिवंत असतं ना ते! म्हणजे अब्बांची बरणी बाद आणि बेकरीची भट्टीही बाद. ताज्या दह्यात थोडा सोडा घालून मळलेला मैदा चालत होता. टोमॅटोला कांदा-लसणाऐवजी हिंग आणि ओवा. वर ढोबळी मिरची, कच्च्या केळ्याचे तळलेले काप, पनीर. चीजपाशी आम्ही दोघी सारख्याच अडलो. चीज करताना दूध ज्याने फाडतात ते 'रेनेट' पूर्वी वासराच्या पोटातून काढत. त्यांना ते अहिंसेसाठी नको आणि आम्हाला जनावर कसं कापलं ते ठाऊक नाही म्हणून नको. आता ते सूक्ष्म जिवांपासूनही तयार करतात. मी फ्रिजमधलं पाकीट काढून हिरवा ठिपका शोधला, खालचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "थांबा, आमच्याकडेही तेच आहे, मी पण बघते." दोन घरांत दोन बाया एकाच कंपनीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "ते झाकलेलं असतं म्हणे एक, ते नको हं. उघडंच करा. आणि भाभी, तवा मी आमचा पाठवला तर चालेल?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला तेव्हा अम्मी दारात उभ्या होत्या. "अपने घर में तवा नई है क्या?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांना काय आठवलं ते मला ठाऊक होतं. त्यांच्या माहेरी, गावात, एका मोठ्या घरी त्यांचे वडील कामाला जात. त्या घराच्या ओसरीवरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा ठेवलेला असायचा. चहा त्यात मिळायचा आणि पिऊन झाल्यावर तो आपणच विसळून पालथा घालायचा. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन जाणाऱ्या अम्मींनी तो कप कैक वेळा पाहिला होता. ही हकीकत त्यांनी मला लग्नानंतर लगेच सांगितली होती, आणि नंतर कधीही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो कप आणि हा तवा एकच का? मला तसं वाटत नव्हतं. कप म्हणत होता, तुम्ही आमच्यापासून लांब राहा. तवा आमच्या घरात येत होता, आमच्या गॅसवर चढणार होता, माझ्या हाताने मळलेलं त्यावर भाजलं जाणार होतं. ज्यांना जेवायचंच नसतं ते काही विचारत नाहीत, 'आमचा उपवास आहे' म्हणून मोकळे होतात. ही बाई विचारत होती. पण हा सगळा युक्तिवाद माझा, शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईचा. कप पाहिला तो अम्मींनी. त्यांना तो समजावून सांगायचा अधिकार मला आहे, असं मला वाटलं नाही. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती पोर तवा पिशवीत घेऊन आली. नवीन फ्रॉक आणि हातात लोखंडी तवा, लाजून अर्धी झाली होती. मी मैदा मळून ठेवला होता. अम्मी उठल्या, तवा हातात घेतला, वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा भारी है. ऐसे तवे अब मिलते नई." मग पदर खोचून स्वतःच गॅसपाशी उभ्या राहिल्या. रोजा असूनही, आणि चाखून पाहायची सोय नसूनही, त्यांनी तीन पिझ्झे उतरवले.

मिरजेत मार्चअखेरीस सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्या पोरीला त्याआधी खायचं होतं, आमच्या मुलींना त्यानंतर. एकच सूर्य दोघींनाही घड्याळ पाहायला लावत होता. ती ताटलीसमोर बसली आणि हात पुढे होईना. समोर रोजेदार बसलेले! अम्मी म्हणाल्या, "खा गे बेटी. तेरे खाने से हमारा रोजा थोडीच टूटता." थोरलीने तिला वारा घातल्याचं नाटक केलं, मग ती हसली आणि खाऊ लागली. दुसरा पिझ्झा मागून घेतला. केळ्याचे काप तिला फार आवडले. मला ते जरा कोरडे वाटले होते, पण खाणारीचं मत मोठं. साडेसहाला तिने पाणी प्यायलं. मग ती आमच्याबरोबर दस्तरखानावर बसली. तिने खजुराची ताटली फिरवली, सरबताचे ग्लास भरले. अजान झाली. बेकरीतून अब्बांनी आणलेला खिम्याचा ट्रे उघडला, तेव्हा ती खिडकीजवळ सरकून बसली आणि थोरलीने न सांगता ट्रे दुसऱ्या बाजूला ओढला. त्या दोघींना हे कुणी शिकवलं नव्हतं.

तवा परत द्यायचा होता. अम्मींनी तो घासून, पुसून, त्याला तेलाचा हात लावून कागदात गुंडाळला. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून वर खजुराची पुडी ठेवली.

जूनमध्ये ती लातूरला निघाली. जायच्या दोन दिवस आधी तिच्या आईचा पुन्हा फोन. "भाभी, ते झाकलेलं कसं करतात? तिला डब्यात द्यायचंय. प्रवासात उघडं बरं पडत नाही." मी सांगू लागले, पण कडेची मुरड फोनवर सांगून कळत नाही. त्या म्हणाल्या, "मग याच ना घरी." मी गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच पोळपाटावर, पनीर, मका आणि सुक्या खोबऱ्याची चटणी भरून आम्ही दहा पायचे केले. अर्थात त्यांना ते नाव मी सांगितलं नाही. सारण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, कडेला बोटभर जागा मोकळी सोडायची, पाण्याचं बोट फिरवून दाबायचं. वाफ जायला वर दोन चिरा द्यायच्या, नाहीतर तव्यावर पोट फुटतं. मंद आचेवर दोन्ही बाजू आणि मग कडा उभ्या धरून. तिसऱ्यापासून त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. करंज्यांची सवय!

निघताना त्यांनी चार डब्यात घालून दिले. घरी आल्यावर डबा दस्तरखानावर ठेवला. अम्मींनी एक उचलला, उलटसुलट करून पाहिला, कानाशी नेऊन हलवला आणि मला विचारलं, "इस में क्या है गे?"